शिपाई बोलला नाही, दौलत

दौलत, शर्त मी जिंकलो. शिपाई शेवटपर्यंत बोलला नाही.

तू गेला तेव्हा पुस्तकाची बावीस पानं बाकी होती. तुह्या पोरीनं, वंदनानं, ते तुह्या उशाजवळून उचललं अन् माह्या हातात देलं. म्हणे, "काका, वाचनालयाचं हाये, तुमीच जमा करून द्या." मी जमा केलं नाही, घरी घेऊन आलो. मले वाचाले किती वेळ लागते हे तुले ठाऊकच आहे. चौथीत शाळा सोडलेला माणूस मी. बावीस पानाले चार दिवस लागले. दोन ओळी वाचल्या की उठत होतो. बैलाले पाणी दाखव, वावराच्या धुऱ्यापर्यंत जाऊन ये, काही काम नसताना कुलूप लावून पाहा, काढून पाहा. सून म्हणे, "बाबा, तुमाले काय हरपलं हाये काय?" तिले काय सांगू.

तुह्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाटायला चार पानांची पुस्तिका काढायची, त्यात माह्या हातचं पाहिजे, असं वंदनाचं म्हणणं. मी म्हटलं, मास्तरीण तू, तूच लिही. ती म्हणे, "बाबासोबत रोज भांडणारे तुमी एकटेच होते, काका." तिची दुसरी अट अशी, की वाचणाऱ्याले कोण कोणाचं ते समजलं पाहिजे. म्हणून तुले ठाऊक असलेलं बी थोडं सांगतो. कंटाळू नको.

तू तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाला होता. बत्तीस वर्षं दारात उभं राहून नावं पुकारली. तीनदा पुकारायचं, अन् तिसऱ्यांदा असं, की बाहेर टपरीवर चहा पिणाऱ्या माणसाच्या हातचा कप हलला पाहिजे. रिटायर होऊन तू आसेगावले परत आला, ते बारा वर्षांखाली. आपण एका वर्गात होतो, एका टाटपट्टीवर बसत नव्हतो. तुह्या बापानं तुले दहावीपर्यंत रेटलं, माह्या बापानं म्हटलं एवढी जमीन आहे, शिकून काय दिवे लावतो. तुले शिकलेलं पाहून मी जळलो हे तुह्या जिवंतपणी कधी कबूल केलं नाही. आता तुले ऐकू येत नाही तं करतो.

ग्रामपंचायतीच्या वाचनालयापुढं सिमेंटचा बाक आहे. दुपारचं जेवण झालं की आपण तिथं. तू वाचायचा, मी ऐकायचो. तुले कोर्टाच्या कादंबऱ्या पाहिजे, खून, साक्ष, उलटतपासणी. मले राजकारणाच्या पाहिजे, आमदार फोडणं, फाइल गायब करणं, रातोरात कोणाची खुर्ची कोणाच्या खाली. एक तुही, एक माही, अशी पाळी. अन् आपला कायदा तुह्याच डोक्यातून निघालेला. दोन्ही बाजूचं बोलणं संपलं, आता फक्त निकाल राह्यला, की तू पुस्तक मिटायचा अन् बसल्या जागी छाती काढून म्हणायचा, "निकाल राखून ठेवला!" मंग दुसऱ्या दुपारपर्यंत आपण दोघं जज. आपापला निकाल सांगायचा, त्याले कारण द्यायचं, मगच शेवटचं पान. ज्याचा निकाल चुकला त्यानं स्टँडवरचे आलूबोंडे आणायचे.

मले आधी वाटे, खोटं खोटं लिहिलेलं, त्याच्यात एवढं काय जीव घालायचं. पण एकदा घुसलो ते घुसलोच. आपल्या इकडं दावा आज्याच्या नावानं लागते अन् तारखेले नातू जाते. पुस्तकात तीनशे पानात निकाल. ज्यानं केलं तो पकडला जाते, अन् नाही पकडला गेला तरी निदान आपल्याले तरी ठाऊक असते कोणं केलं. गावात तेवढं बी नशिबी येत नाही. गावात चाळीस वर्षं झाली तरी लोक म्हणतात, "बुवा, कोणाले ठाऊक."

तू मात्र वाचता वाचता पुस्तकालेच फटकारायचा.

"हे पाहा पाटील, वकील टेबलावर हात आपटून राह्यला. आमच्या कोर्टात आपटला असता तं टेबलाचा पाय निघाला असता."

"अबे वाच ना पुढं."

"अन् हा साक्षीदार रडून राह्यला. खोटा साक्षीदार रडत नाही, लिहून घे. त्याले तहान लागते. मी बत्तीस वर्षं पाणी पाजलं."

तू हे म्हटलं की मी पायातल्या चपलेकडं पाहायचो. तू पुढचं वाचायचा.

एका पुस्तकावरून आपण चार दिवस बोललो नाही, आठवते? मंत्र्याचा पीए सगळं पाहते अन् फाइल दाबून ठेवते. माह्या मतानं त्याचं बरोबर होतं, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी कशी करन? तू उठून उभा राह्यला. "मीठ खाल्लं म्हणून डोळे बी विकले काय त्यानं?" मी म्हटलं, तुले राजकारण कळत नाही. तू म्हटलं, "मले चांगलं कळते. राजकारणाच्या पुस्तकात सगळेच मळलेले असतात, म्हणून तुले तिथं बरं वाटते. कोर्टाच्या पुस्तकात एकाले उभं राहावं लागते." मी घरी निघून गेलो. पाचव्या दिवशी तूच आलूबोंडे घेऊन आला, अन् निकाल तं तुह्याच बाजूनं लागला होता! हरलेल्यासारखं तू कायले आणले, हे मी विचारलं नाही.

आता या शेवटच्या पुस्तकाचं. एका मंत्र्यावर खटला, त्यानं पेपरवाल्याले गाडीखाली घातलं म्हणून. तिसऱ्या प्रकरणात कोर्टाच्या व्हरांड्यात मंत्र्याचा माणूस साक्षीदाराच्या खिशात पाकीट सारते. ते एकटा कोर्टाचा शिपाई पाहते. हातात पाण्याचा जग, तो भिंतीकडं सरकते अन् वाट देते. एवढंच, चार ओळी. बाकी पुस्तकात त्याचं नाव बी नाही. पण तू तिथं थांबला अन् म्हटलं, "हा शेवटी बोलन."

"शिपाई कधी बोलते काय?"

"बोलन. लिहिणाऱ्यानं त्याले फुकट उभं नाही केलं. शर्त लाव."

लावली. तीन आठवडे तू त्याची वाट पाह्यली. दरेक प्रकरण सुरू व्हायच्या आधी म्हणायचा, "आज येते पाहा आपला माणूस." मी हसलो तुले. बावीस पानं राह्यली अन् तू गेला.

तं मी वाचलं. मंत्री सापडला, पण एका मोबाइलमधल्या आवाजामुळं. साक्षीदारानं पाकिटाचं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. शिपाई आलाच नाही. मी परत मागं जाऊन पाह्यलं, पान सुटलं काय म्हणून. सुटलं नव्हतं. लिहिणारा त्याले विसरून गेला होता, दौलत. जग हातात घेऊन तो तिथंच भिंतीशी उभा राह्यला. मी पुस्तक फेकून देलं. मंग उचललं, वाचनालयाचं आहे म्हणून.

बारा वर्षं मले वाटे, तू ह्या कादंबऱ्या मले टोचायला वाचतो. साक्षीदारावर आला की तुहा आवाज बदले, मले वाटे, माह्यासाठी. तू माह्यासाठी वाचतच नव्हता. तू त्या शिपायाले धुंडत होता.

आता जे आपण दोघं कधी बोललो नाही ते लिहितो. लिहिताना दोनदा उठलो. हे तिसऱ्यांदा बसलो.

तीसेक वर्षांखाली मी ग्रामपंचायतीत मेंबर होतो. सरपंचावर अविश्वास ठराव आणला होता मी. मेंबर फुटू नये म्हणून आमी सगळ्याईले जीपमध्ये घालून देवदर्शनाले नेलं, तीन दिवस. परत येताना कामरगावले जीप चहाले थांबली. आमच्यातला एक मेंबर, लक्ष्मण, म्हणे, लघवीले जाऊन येतो. गेला तो उभ्या असलेल्या एसटीत बसला, थेट गाव, अन् हात वर केला सरपंचाच्या बाजूनं. एका हातानं मी पडलो. गावानं मले महिनाभर विचारलं, "काय पाटील, लघवी झाली काय लक्ष्मणची?"

त्याच साली सोयाबीन निघाल्यावर आमच्या गटातल्या एकाची गंजी पेटली. सोंगून, रचून, ताडपत्री घालून ठेवलेली, दिवेलागणीले जळून राख. त्या दिवशी मी कुठं होतो? तालुक्याले. सातबारा काढाले गेलतो, बस हुकली, तुह्या खोलीवर राह्यलो. तू पिठलं केलं होतं अन् मी त्याले नाव ठेवलं होतं. सकाळच्या गाडीनं गावात उतरलो तं गंजीभोवती माणसं, पोलीस, पंचनामा. कोणी तरी म्हटलं, कोणं केलं असन? अन् मी बोललो, "काल सांजेले मी लक्ष्मणले या वाटेवर पाह्यलं. हातात काडीपेटी होती."

बस. एवढंच. ठरवून बोललो नव्हतो, तोंडातून निघालं. पोलिसानं मान वर केली अन् लिहून घेतलं. तिथंच म्हणता आलं असतं, साहेब, रागात बोललो. पण चाळीस माणसं उभी होती, अन् पाटलानं एकदा म्हटलं ते म्हटलं. माह्या बापाची हीच रीत, त्याच्या बापाची बी. शब्द फिरवायचा नाही. शब्द खरा पाहिजे, ही रीत कोणं घालून देली नव्हती.

चार वर्षांनी साक्ष लागली. तू माह्यं नाव पुकारलं, तीनदा, गरज नव्हती तरी. मी समोरच उभा होतो. लक्ष्मणच्या वकिलानं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही तालुक्याले गेलते. सांजेले गावात परतले याले पुरावा काय? एसटीचं तिकीट आहे काय?" मी म्हटलं, "तिकीट कोण जपून ठेवते साहेब, पूजा कराची हाये काय?" कोर्टात सगळे हसले. जजसाहेब बी. दाराशी तू हसला नाही. मंग माह्या घशाले कोरड पडली अन् मी पाणी मागतलं. ते तूच आणून देलं. गिलास माह्या हातात ठेवताना तू खिडकीकडं पाहत होता. सांजेले एसटी स्टँडवर भेटला तं एवढंच बोलला, "पाणी पुरलं काय पाटील?"

तुले एक शब्द बोलायचा होता. "हा माणूस त्या सांजेले माह्या खोलीवर होता." तू बोलला नाही. सरकारी नोकरी, दोन पोरी शाळेत, गावात घर, अन् समोर पाटील. मी तुले चूप राहा म्हणून कधी म्हटलं नाही. म्हणायची पाळीच आली नाही, हे त्याच्यापेक्षा वाईट.

लक्ष्मण सुटला. संशयाचा फायदा देऊन सोडला, असं लिहिलं होतं म्हणे निकालात. तूच मले एकदा बाकावर सांगतलं होतं, कोणत्या तरी पुस्तकाच्या निमित्तानं, की संशयाचा फायदा मिळाला म्हणजे माणूस घरी जाते अन् संशय बी त्याच्या मागं मागं घरी जाते. लक्ष्मणच्या मागं तो तीस वर्षं राहून राह्यला. गावात त्याले आगलाव्या म्हणतात. मळणीच्या दिवसात पोट्टे बी म्हणतात, "लक्ष्मणबुवा, काडीपेटी बाहेर ठेवून या." तो हसते. तू कधी ध्यान देलं काय? बिडी ओढणारा माणूस तो, केस लागली तवापासून त्यानं बिडी सोडली. खिशात काडीपेटी सापडू नये म्हणून.

पुस्तक संपलं त्या दुपारी मी त्याच्या घरी गेलो. तीस वर्षांत त्याच्या ओट्यावर चढलो नव्हतो. तो सुपात तूर घेऊन खडे वेचत होता.

"लक्ष्मण, त्या दिवशी मी गावात नव्हतो."

"कोणत्या दिवशी?"

"गंजी पेटली त्या दिवशी."

त्याचा हात थांबला नाही. "मालूम हाये मले."

"तुले कसं मालूम?"

"मी त्या वाटेवर नव्हतो ना पाटील. मंग तुमी मले पाह्यलं कुठून?"

तीस वर्षं मी भेत होतो ते त्यानं एका खड्यासारखं वेचून बाजूले टाकलं. मले तिथंच थांबाले पाहिजे होतं. पण साक्ष पुरी द्यायची म्हणून मी म्हटलं, "मी दौलतच्या खोलीवर होतो. त्याले मालूम होतं."

आता हात थांबला. सूप खाली ठेवलं.

"दौलतले?"

"हो."

"तो तं मले दर तारखेले सावलीतल्या बाकावर बसवे. सगळ्याईच्या आधी पाणी देये." त्यानं वेचलेले खडे ओट्याखाली टाकले. मंग म्हणे, "मले वाटे, कोर्टात एक तरी माणूस आपल्यावर भरोसा करते. भरोसा नव्हता तं तो. त्याले ठाऊकच होतं."

मी म्हटलं, माफी माग म्हणशीन तं मागतो. तो म्हणे, "मले सांगून काय उपेग हाये पाटील? मी केलं नाही, हे मले पहिल्या दिवसापासून ठाऊक. गावाले सांगा." अन् सूप उचलून घरात गेला.

परत येताना मले वाटलं, मी काय करून आलो? माह्या अंगावरची राख झटकाले गेलो अन् तुह्या अंगावर टाकून आलो. लक्ष्मणजवळ तुह्यी एक आठवण चांगली होती, ती बी नासवली. माह्यं एकट्याचं खोटं सांगून तुह्यं नाव गाळता आलं असतं. पण मंग मी कुठं होतो हे कोण मानन? लोक म्हणतील, म्हातारा झाला, दोस्त मेला, डोकं फिरलं. तू त्याच्यात असल्याशिवाय लक्ष्मण सुटत नाही, दौलत. किती उलटून पालटून पाह्यलं. नाहीच सुटत.

म्हणून मी सगळं लिहिलं अन् वही वंदनाले देली. तिनं ओट्यावरच उभ्यानं वाचली. वाचून झाल्यावर परत पहिल्या पानावर गेली.

"काका, यातून बाबाचं नाव काढता नाही येत काय?"

"काढलं तं साक्ष लंगडी होते, पोरी."

"अन् हे तुमी बाबाच्याच कार्यक्रमात सांगणार? सगळे पाहुणे असताना?"

"माह्यासाठी गाव दुसरीकडं कुठं जमा होते?"

"तुमाले आजच कसं काय सुचलं? बाबा होते तवा काहून नाही बोलले?" तिचा आवाज फाटला. "तवा बोलले असते तं बाबा बी बोलले असते."

दौलत, पुस्तकातल्या लोकाईच्या कोर्टात मी बारा वर्षं निकाल देले, तुह्या पोरीनं मले एका वाक्यात निकाल सुनावला. ती वही घेऊन घरात गेली. चहा विचारला नाही, अन् बरोबर केलं.

तीन दिवसांनी वही परत आली. लाल पेनानं तिनं माह्या वेलांट्या अन् उकार दुरुस्त केले होते, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. तुह्या खोलीचं आहे त्या पानावर बी. शब्द एक कापला नव्हता. वहीत एक चिठ्ठी होती: "काका, मी लक्ष्मणकाकांना आमंत्रण देऊन आले. येतो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. पुस्तिकेत छापत नाही, तुम्हीच उभे राहून वाचा."

तं रविवारी मी वाचीन. मी विश्राम पाटील, राहणार आसेगाव. ज्या सांजेले गंजी पेटली त्या सांजेले मी गावात नव्हतो. दौलतच्या खोलीवर होतो. लक्ष्मणले मी कोणत्याच वाटेवर पाह्यलं नाही. त्याच्या हातात काडीपेटी होती हे मी माह्या तोंडानं घडवलं. आजवर ज्यानं त्याले आगलाव्या म्हटलं त्यानं आधी माह्याकडं पाहावं.

एवढं वाचून झाल्यावर गाव तुह्याबद्दल काय बोलन, मले ठाऊक नाही. तुह्या फोटोपुढं मेणबत्त्या लागलेल्या असतील, तुह्या पोरी समोर बसलेल्या असतील, अन् मी तुले माह्या बाजूले उभं करीन. तू म्हणशीन, पाटील, मले विचारलं काय तू? नाही विचारलं. मी म्हणतो तू बोलाले तयार होता, बारा वर्षं माह्या तोंडाकडं पाहून राह्यला होता, पण हे बी माह्यंच म्हणणं. खरं तू काय म्हटलं असतं, कोणाले ठाऊक. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्या नावानं बोलून राह्यलो मी, अन् दुसऱ्याच्या नावानं बोलायची ही माही दुसरी खेप आहे. पहिल्या खेपेले समोरचा माणूस जिवंत होता अन् मी खोटं बोललो. या खेपेले खरं बोलतो, तं तू नाहीस. राग आला असन तं येऊ दे, दौलत. माफ नको करू. फक्त, मी वाचाले उभा राहीन तवा मले पाणी मागायची पाळी येऊ देऊ नको.